एकोणिसाव्या दिवशी जळलेलं कार्ड

रविवारी सकाळी सव्वाआठला ताईंचा फोन आला तेव्हा मी बोईसरच्या फ्लॅटमध्ये पोहे परतत होते. ताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. त्या आणि दादा, म्हणजे माझे थोरले दीर, पाम गावी सासरच्या घरी राहतात आणि मागच्या पडवीत अंडी उबवायचं मशीन चालवतात. फोनवर त्या आधी माझी, मग मुलांची, मग आमच्या सोसायटीतल्या पाण्याची चौकशी करतात आणि शेवटी कामाचं बोलतात. त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं.

"मशीन तापलंय. एकेचाळीस दाखवतंय. तुझ्या कार्डाची कळ फिरवली तरी दिवे जात नाय. मी पिनच काडली."

"किती वेळ होतं एकेचाळीस?"

"मला काय ठावं? सात वाजता बघितलं तवा बरोबर होतं. मंग भाकऱ्या केल्या."

गॅस बंद करून मी तशीच उभी राहिले. अंड्यांना साडेसदतीस लागतं. थोडं गार झालं तर ती तग धरतात, पण जास्तीचे दोन-तीन अंश त्यांना सोसत नाहीत. त्यात तो एकोणिसावा दिवस होता. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात, म्हणजे आत सगळी पूर्ण वाढलेली, चोचीसकट. एकशे साठ अंडी होती, आणि त्यातलं एकही ताईंचं नव्हतं.

हे मशीन म्हणजे प्लायवूडची पेटी. आतून थर्माकोल, तापायला साधे पिवळे दिवे, वारा फिरवायला एक पंखा आणि उष्णता सांभाळायला मी केलेलं कार्ड. पूर्वेच्या डोंगराकडच्या पाड्यांवरून बायका आपल्या गावठी कोंबड्यांची अंडी आणून देतात. कुणाची कोणती ते कळावं म्हणून प्रत्येकीची कोळशाने काढलेली खूण असते. कुणाचं पान, कुणाच्या दोन रेघा, कुणाची फुली. पिल्लं निघाली की निम्मी तिची, निम्मी ताईंची. लिहून ठेवायची कुणालाच कधी गरज पडली नाही.

आता माझं पाप सांगते. दोन वर्षांपूर्वी ताई बाजारातलं तयार कार्ड आणणार होत्या. मी नाक वर करून म्हटलं होतं, "कशाला आणता, मी घरी करून देते." तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी सतरा वर्षं मीटर, सेन्सर आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करते आहे. घरी सर्किट छापून, तांब्याच्या पत्र्यावर उतरवून कार्ड करणं हा माझा नाद. नवरा म्हणतो, बाकीच्या बायका रांगोळी काढतात, ही ॲसिडात काढते. तर मी ते कार्ड केलं, ते छान चाललं आणि मी नात्यागोत्यात ते भरपूर मिरवलं. या वर्षी ताईंनी पेटी मोठी केली, चार दिव्यांचे आठ केले. तेव्हा त्यांनी फोन करून विचारलं होतं, "आठ दिवे चालतील ना गो तुझ्या कार्डाला?" मी तेव्हा रिक्षात होते. "चालतील की," म्हटलं. ना हिशेब केला, ना कार्ड उघडून बघितलं. कार्डावरचा रिले, म्हणजे दिवे चालू-बंद करणारा छोटा खटका, चार दिव्यांपुरताच होता. आठ दिव्यांचा करंट रोज झेलून त्याची आतली टोकं वितळून एकमेकांना चिकटली, आणि दिवे जायचे बंद झाले. मला हे कारखान्यात कुणी सांगितलं असतं तर मी त्याला चार लोकांत फैलावर घेतलं असतं.

"ताई, पिन पुन्हा लावू नका. दिव्यांची वायर सरळ भिंतीच्या बटणाला जोडायला दादांना सांगा."

"ते शिफ्टला गेलेत. मीच जोडते."

"मग काट्याकडे बघून हाताने चालू-बंद करा. सदतीसच्या खाली गेलं की चालू, अडतीस झालं की बंद. मी येते."

"तू ये बाय," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ताईंनी कार्डाचा फोटो पाठवला. रिलेखालचा भाग करपून काळा झाला होता, तांब्याच्या पट्ट्या सालपटासारख्या वर आल्या होत्या. नुसता रिले बदलून भागणार नव्हतं. रविवारी पालघर-बोईसरची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं बंद. भोकांच्या तयार बोर्डावर वायरी ओढून काहीतरी जोडता आलं असतं, पण पेटीतल्या त्या दमट हवेत आणि घरच्या विजेवर तसला गुंता लावायची माझी छाती झाली नाही. सुटे भाग माझ्या डब्यात होते. नवं कार्ड करायला कितीही घाई केली तरी तीन तास लागतात. त्या तीन तासांत ताईंनी डोळ्यांत तेल घालून बसायचं. नवऱ्याला मुलांचं बघायला सांगून मी कॉम्प्युटर उघडला, जुन्या आकृतीत करंटच्या पट्ट्या जाड केल्या आणि फाइल फोनवर घेतली.

ज्यांनी हे केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लेझर प्रिंटरची शाई म्हणजे प्लॅस्टिकची पूड असते. गुळगुळीत कागदावर आकृती छापायची, तो कागद फायबरच्या पाटीवर चिकटवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर पालथा ठेवून वरून गरम इस्त्री दाबायची. पूड वितळते आणि कागद सोडून तांब्याला चिकटते. मग पत्रा ॲसिडात टाकला की उघडं तांबं विरघळतं आणि काळ्या रेघांखालचं राहतं. कागद पालथा ठेवायचा असल्यामुळे कागदावर सगळं उलटं छापावं लागतं, रबरी शिक्क्यावर असतं तसं. खात्रीसाठी मी कोपऱ्यात दोन-तीन अक्षरं टाकते. ती कागदावर उलटी आणि तांब्यावर सुलटी दिसली की समजायचं, बरोबर आहे.

घरचा प्रिंटर ओल्या शाईचा, त्याचा इथे काही उपयोग नाही. पण कुंभवलीत कारखान्यांजवळ एक झेरॉक्सचं दुकान रविवारीही उघडं असतं. मी फाइल दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवली, बिल्डरच्या जाहिरातींचे गुळगुळीत कागद, ॲसिडची बाटली, ड्रिल, सोल्डरिंग गन असा सगळा संसार पिशव्यांत भरला आणि स्कूटरवर निघाले.

दुकानात गर्दी होती. दुकानदार उत्तरेकडचा, सज्जन माणूस. माझे कागद त्याने मशीनमध्ये घातले, दोन प्रती छापून हातात दिल्या. तेवढ्यात ताईंचा फोन आला. "आता छत्तीस झालं. दिवे लावलेत तरी वर जात नाय." पंखा फिरतोय का, पेटीचं दार नीट लागलंय का, हे मी त्यांना विचारत होते आणि समोरून दुकानदार बोलत होता, "मॅडम, वो आपका थोडा..." मी हात उडवला. "हां हां भैया, ठीक है, बाद में." कागद पिशवीत टाकले आणि सुटले. माझा हा स्वभाव मला आयुष्यात खूप महाग पडला आहे, पण त्या दिवशीइतका कधी नाही.

पडवीत पोचले तर ताई पेटीसमोर पाटावर बसलेल्या. एक हात भिंतीवरच्या बटणावर, डोळे काचेआडच्या काट्यावर. त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. पेटीतल्या दिव्यांच्या पिवळ्या उजेडात त्यांचा चेहरा सुकलेला दिसत होता. मी म्हटलं, "ताई, माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "ते मागून. आदी काम कर."

तांब्याचा पत्रा तारेच्या घासणीने घासून लख्ख केला. ताईंचीच इस्त्री लावली. लावताक्षणी पेटीतले दिवे मंद झाले, कारण घरातली वायरिंग जुनी.

"आता गो? हे बग, उतरतंय."

"पाच मिनिटं. मला पाच मिनिटं द्या."

"सदतीस. साडेछत्तीस." त्या आकडे सांगत राहिल्या आणि मी इस्त्रीवर अंगाचा भार टाकून उभी राहिले. कमी दाबलं तर पूड चिकटत नाही, जास्त दाबलं तर पसरते. छत्तीस म्हणाल्या तेव्हा मी इस्त्री उचलली. पत्रा गार करून पाण्याच्या बादलीत सोडला, कागद भिजू दिला आणि अंगठ्याने हळूहळू चोळून काढला. रेघा बऱ्या उतरल्या होत्या. कोपरा नीट दाबला गेला नव्हता आणि तिथली अक्षरं कागदाबरोबर निघून आली. मी म्हटलं, जाऊ दे, अक्षरांतून थोडीच वीज जायची आहे. आणि पत्रा ॲसिडात टाकला.

आइस्क्रीमच्या डब्यात तपकिरी ॲसिड, खाली परातीत गरम पाणी. मी डबा हलवत बसले. ताई बटण चालू-बंद करत होत्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "वरच्या फळीवरचं एक अंडं कानाला लावून बगितलं मगाशी."

"मग?"

"काय नाय. खालच्या फळीवरचं आतून टकटकतंय. वरचं नाय."

दिवे वरच्या फळीला जवळ होते. मी डबा हलवत राहिले. वरच्या फळीवर कुणाची अंडी आहेत, असं मी विचारलं. "पानाची," ताई म्हणाल्या. पानाची खूण असलेली बाई सगळ्यात लांबून येते. दोन चढ ओलांडून, अंडी लुगड्यात बांधून. पहिल्या वर्षी कुणाचाच या पेटीवर भरवसा नव्हता, तेव्हा पहिली टोपली तिनेच आणली होती.

पंचवीस मिनिटांत तांबं विरघळलं. ॲसिड मी परत बाटलीत भरलं. आमच्या भागातल्या नाल्यांना रंगांची कमी नाही, त्यात माझी भर कशाला. पत्रा धुतला, पुसला, भोकं पाडली. एक बारीक ड्रिल मोडलं, दुसरं लावलं. सगळे भाग ओळीने मांडले आणि आठ पायांची आयसी, म्हणजे कार्डाचा मेंदू असलेली काळी चिप, भोकांत बसवण्याआधी सवयीने एकदा आकृतीशी ताडून बघितली.

विजेची पट्टी चौथ्या पायाला जायला हवी होती. ती पाचव्याला जात होती.

मी पत्रा फिरवला, उलटा धरला, पुन्हा बघितला. मग पिशवीतून दुकानातली कागदाची दुसरी प्रत काढली. कोपऱ्यातली अक्षरं तिच्यावर सरळ, स्वच्छ वाचता येत होती. त्या सज्जन माणसाला वाटलं, मॅडमचं उलटं छापलं जातंय, आणि त्याने आपणहून सुलटं करून दिलं. तेच तो मला सांगत होता. सबंध कार्ड आरशात बघितल्यासारखं उलट झालं होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती त्याच्यावर काढायची सोयही नव्हती. त्याने सांगायचा प्रयत्न केला होता. मी पत्रा खाली ठेवून पायरीवर बसले.

"काय झालं?" ताईंनी पहिल्यांदाच काट्यावरून नजर काढली.

"उलटं छापलं गेलं. वाया गेलं सगळं."

"मंग आता?"

"पुन्हा कुंभवली, पुन्हा इस्त्री. अजून तीन तास."

ताईंनी बटणावरचा हात बदलला, उजव्याचा डावा केला, आणि दुखरा हात झटकला. सकाळपासून त्या उठल्याही नव्हत्या. चुलीवर भाकऱ्यांचा तवा तसाच होता. मला एकदम रडू फुटलं, आणि त्याचाही राग आला, कारण डोळे पुसायला माझी बोटं ॲसिडाने पिवळी झालेली होती.

मग मी तो पत्रा पुन्हा उचलला. आरशातल्यासारखं झालंय, तर भागही आरशातल्यासारखे बसवायचे. ट्रान्झिस्टर उलट्या तोंडाने उभा केला की झाला. बाकीच्या बारक्या भागांना डावं-उजवं नसतं किंवा त्यांना फिरवता येतं. रिले कार्डावर ठेवायचाच नाही. तीस अँपिअरचा मोठा रिले माझ्याकडे होता, तो जाड वायरीने बाहेर लाकडी पट्टीवर बसवायचा. राहिली ती आयसी. तिचे आठही पाय पाठीकडे वाकवले आणि ती उताणी झोपवली, तर ती या पत्र्यावर बरोबर बसणार होती. पण आयसीचे पाय असे वाकवायचे नसतात, मोडतात. आणि आयसी एकच होती.

"ताई, दोन मिनिटं माझ्याशी बोलू नका."

"मी कवा बोलते?"

बारीक पक्कड घेतली. पहिला पाय. दुसरा. मी श्वास धरला होता आणि वाकवताना नजर हलवत नव्हते. तिसरा वाकवताना काहीतरी कुरकुरल्यासारखं वाटलं. थांबले, भिंगातून बघितलं, मुळाशी बारीक चीर दिसत होती. तो तसाच अर्धा ठेवला आणि पुढचे घेतले. चौथा, पाचवा, सहावा. मागे ताईंचं बटण खटखट वाजत होतं आणि दर वेळी मी दचकत होते. आठही झाल्यावर तिसरा पाय पक्कडीने न वाकवता नुसता नखाने ढकलला. तो राहिला.

सोल्डरिंगला अर्धा तास लागला. दुपारचे पावणेतीन वाजले होते. कार्ड जोडलं, ताईंना बटणावरचा हात काढायला सांगितलं. त्यांनी काढला नाही. मी कळ साडेसदतीसवर आणली. दिवे लागले. सदतीस, सव्वासदतीस, साडेसदतीस. रिले खट्ट झाला आणि दिवे गेले. मग काटा थोडा उतरला आणि दिवे पुन्हा लागले. असं सहा वेळा बघितलं. सहाही वेळा बरोबर. माझ्या जिवात जीव आला. मी ताईंकडे बघितलं. मला वाटत होतं, आता त्या काहीतरी बोलतील. शाबासकी नको, पण निदान हुश्श तरी म्हणतील.

त्यांचा हात अजून बटणावरच होता.

"ताई, आता ते आपोआप होतंय."

"दिसतंय मला." काट्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "माजा इस्वास नाय आता त्याच्यावर. खोटं कशाला बोलू? पन तू हितं बसत असशील तर मी जरा आंग टाकते."

मला ते लागलं. खूप लागलं. पण मी पाटावर बसले, त्या आत गेल्या आणि पाच मिनिटांत त्यांच्या घोरण्याचा आवाज आला. मी कारखान्यात फोन करून सोमवार ते बुधवारची रजा टाकली. पुढचे दोन दिवस आम्ही दोघी आळीपाळीने त्या पाटावर होतो. कार्ड एकदाही चुकलं नाही, आणि आमच्यापैकी कुणीही त्याला एकटं सोडलं नाही.

मंगळवारी पिल्लं निघाली. खालच्या दोन फळ्या चिवचिवाटाने भरून गेल्या, ओली, धडपडणारी, एकमेकांच्या अंगावर पडणारी. वरच्या फळीवर चाळीस अंडी होती. त्यातून सात पिल्लं आली. बाकीची ताईंनी एकेक करून कानाला लावली, उजेडासमोर धरली आणि बाजूच्या टोपलीत ठेवली. टोपलीतल्या प्रत्येक अंड्यावर कोळशाचं पान होतं.

बायका बुधवारी आल्या, हसल्या, आपापली पिल्लं घेऊन गेल्या. पानाची बाई उशिरा आली. पन्नाशीची, बारीक, चढ ओलांडून आल्यामुळे धापा टाकणारी. एका फडक्यात ती नवी अंडी बांधून घेऊन आली होती. ताईंनी सातही पिल्लं तिच्यापुढे ठेवली आणि आपल्या वाट्यातली दहा आणून त्यांत घातली.

तिने ताईंची दहा हाताने अलगद बाजूला केली. "सातच?"

"लाईट..." ताई म्हणाल्या आणि थांबल्या. लाईट गेली होती म्हटलं असतं तर प्रश्नच नव्हता. आमच्याकडे लाईट जाते हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या मला वाचवत होत्या हे मला स्पष्ट कळलं, आणि मला लाज वाटली.

"लाईट नव्हती गेली," मी म्हटलं. "मशीनमधलं कार्ड मी केलं होतं. जास्त दिव्यांना ते पुरणार नाही हे मी बघायला हवं होतं. बघितलं नाही. तुमची अंडी माझ्यामुळे भाजली."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, मी तो शोधत होते. ती काहीतरी जोखत होती.

"मंग आता नीट हाय ते?"

तीन दिवस ते कार्ड न चुकता चाललं होतं. तोंडातून 'हो' निघत होतं. पण त्या उताण्या आयसीचा तिसरा पाय माझ्या डोळ्यांसमोर आला.

"आता चालतंय," मी म्हटलं. "पण तीन आठवडे चालेल असं मी आज छातीठोक सांगू शकत नाही."

तिने मान हलवली, कुणी रस्ता सांगितल्यावर हलवतात तशी. सात पिल्लं आपल्या टोपलीत घेतली, वर फडकं टाकलं. मग नव्या अंड्यांचं गाठोडं, जे तिने येताच पायरीवर ठेवलं होतं, ते पुन्हा उचलून कमरेला लावलं.

"मंग मी कोंबडीखालीच ठेवते," ती म्हणाली. "तिला बिघाड नाय."

ती पाड्याच्या वाटेला लागली. ताई दारात उभ्या राहून तिची पाठमोरी आकृती झाडांआड जाईपर्यंत बघत होत्या. मग म्हणाल्या, "बरं केलंस, सांगितलंस." आणि आत जाऊन त्यांनी पेटीचं दार लावलं, जरा जोरातच.